सांगलीत घरामागे १० × १२ फूट जागा आहे. कमी देखभालीत, रासायनिक खत-औषधाशिवाय भाजी कशी लावायची?

तुमच्या प्रश्नात काळी माती आहे, बोअरचं पाणी आहे, आणि दोघंही नोकरीला असल्यामुळे आठवड्याला फार तर दोन तास आहेत. एवढ्यात पालेभाजी, वेलभाजी, कढीपत्ता, शेवगा यांची घरची गरज बऱ्यापैकी भागते. वर्षभराची सगळी भाजी निघणार नाही. फ्लॉवर, कोबी, ढोबळी मिरची आणि पावसाळी टोमॅटोच्या मागे लागलात तर दोन तास पुरणारही नाहीत. ही पिकं शेतकऱ्यालाही फवारणीशिवाय जड जातात. कष्ट कमी-जास्त होतात ते मुख्यतः पिकाच्या निवडीवर. खत-औषधाचा नंबर त्यानंतर लागतो, म्हणून आधी पिकांचंच बोलू.

एकदा लावून वर्षानुवर्षं चालतील अशी झाडं निम्म्या बागेत हवीत. तोंडलीचं बी लावू नका. जून-जुलैत फळं देणाऱ्या वेलाचीच काडी मागून आणा. ती पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब आणि तीन-चार डोळ्यांची असावी. दोन डोळे मातीत जातील अशी खोचायची. नर आणि मादी वेल वेगळे असतात आणि नर वेल मांडवभर पसरूनही एक तोंडलं देत नाही, म्हणून काडी कुठून आणली याला महत्त्व. थंडीत वेल मंदावतो. जानेवारीअखेर दोन-तीन फुटांवर छाटला की उन्हाळ्यात नवी फूट येते.

शेवगा एकच, आणि वाफ्याच्या बाहेर उत्तरेच्या कोपऱ्यात. पीकेएम-१ हा वाण बियांपासून होतो आणि सहा-आठ महिन्यांत शेंगांवर येतो. तीन फुटांचा झाला की शेंडा खुडा, फांद्या वाढल्या की त्यांचेही शेंडे खुडा, आणि दरवर्षी शेंगा संपल्यावर पुन्हा तीन फुटांवर छाटा. न छाटलेला शेवगा वीस फूट जातो, शेंगा हाताला लागत नाहीत आणि वळवाच्या वाऱ्यात मोडतो. बुंध्याशी पाणी साचलं तर मुळं कुजतात, त्यामुळे काळ्या मातीत तो फूटभर उंचवट्यावरच लावायचा. पावसाळ्यात खोडावर केसाळ सुरवंटांचे पुंजके दिवसा एकाच जागी बसलेले दिसतात. हात न लावता खराट्यानं साबणाच्या पाण्याच्या बादलीत झाडून घ्या, फवारणी लागत नाही.

कढीपत्ता, मायाळू, गवती चहा यांना शिकवावं लागत नाही. पुदिना मात्र कुंडीतच ठेवा, नाहीतर दोन पावसाळ्यांत वाफा त्याचा होतो. जिथे ऊन तीन-चार तासच येतं तिथे अळू आणि हळद. सांगलीत हळदीचं बेणं मिळायला अडचण नाही. सेलम जातीचे निरोगी गड्डे अक्षय्य तृतीयेपासून जूनपर्यंत फूट-फूट अंतरावर, दोन इंच खोल लावा, वर पाचट (उसाचा वाळलेला पाला) टाका आणि पानं वाळेपर्यंत, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत, विसरून जा. आलं एवढं सोसत नाही. भारी मातीत पाऊस लांबला की कंदकूज येते, म्हणून ते निम्मी माती, निम्मं कुजलेलं खत भरलेल्या पोत्यात लावलेलं बरं. साताऱ्याकडच्या निचऱ्याच्या हलक्या जमिनीत जे जमतं ते सांगलीतल्या विश्रामबागेच्या काळ्या चिकणीत जमेलच असं नाही.

उरलेली निम्मी बाग हंगामी. जूनमध्ये भेंडी, गवार, चवळी, दोडका आणि पावटा. पावटा दिवस लहान झाल्यावरच फुलतो. फेब्रुवारीत लावलात तर पानंच पानं मिळतील, म्हणून तो पावसाळ्याच्या सुरुवातीलाच लावायचा. सप्टेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत मेथी, पालक, शेपू, चाकवत, कोथिंबीर. धणे रगडून दोन फाकी करा, रात्रभर भिजवा, मग पेरा. सगळा वाफा एका दिवशी पेरू नका, दर पंधरा-वीस दिवसांनी ३ × २ फुटांचा एकेक पट्टा पेरा. पालक मुळासकट उपटू नका, दोन इंच ठेवून कापा, तीन-चार कापण्या मिळतात. कृष्णाकाठची वांगी परसात हवीतच असं वाटलं तर दोन झाडं पुरेत. शेंडा मान टाकताना दिसला की आत अळी आहे असं समजून एक-दोन इंच खालून कापून कचऱ्याच्या गाडीत टाका, बागेतल्या खतात नको.

आता जागेची मांडणी. १० फुटांच्या रुंदीत भिंतीकडे २ फूट वेलांसाठी, मग १ फूट वाट, ३ फुटांचा वाफा, पुन्हा १ फूट वाट, ३ फुटांचा वाफा. लांबी १२ फूट. तीन फुटांपेक्षा रुंद वाफा केला की मधलं तण काढायला आत पाय द्यावा लागतो, आणि काळी माती एकदा तुडवली की दगड होते. मांडव उत्तरेला किंवा पश्चिमेला घ्या. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकतो, त्यामुळे उत्तरेच्या मांडवाची सावली वाफ्यावर पडत नाही. पश्चिमेचा मांडव एप्रिल-मेचं तिसऱ्या प्रहरचं ऊन अडवतो.

खणायचं ते एकदाच, मे महिन्यात, वाफसा असताना, म्हणजे माती फार ओली नाही आणि कोरडीही नाही अशा वेळी. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटला तर वाफसा, चपटा झाला तर थांबा. ओली काळी माती खणली की ढेकळं वाळून वर्षभर तशीच राहतात. वीतभर खोल खणताना हरळीच्या मुळ्या आणि लव्हाळ्याच्या गाठी वेचून उन्हात वाळू द्या. इथे दोन दिवस जास्त घातलेत तर पुढची दोन वर्षं खुरपं कमी लागतं. नव्या कॉलनीत बांधकामाचा चुना-सिमेंटचा राडारोडा मागच्या अंगणातच गाडलेला असतो, तो काढा. मातीवर थोडं व्हिनेगर टाकून बघा. जोरात फसफसली तर चुना जास्त आहे. अशा मातीत कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. ती लोहाची उणीव असते, खत कमी पडलंय असं समजून ओतत बसू नका. मातीत लोह असतं, चुन्यामुळे मुळांना मिळत नाही. कुजलेलं खत वाढवलं की हळूहळू सुधारतं.

चिकण माती भुसभुशीत व्हावी म्हणून वाळू मिसळायला कुणी सांगेल, ऐकू नका. थोड्याफार वाळूनं ती आणखी घट्ट होते. पूर्ण कुजलेलं शेणखत सिमेंटच्या पोत्यानं तीन पोती (साधारण ६० किलो) आणि निंबोळी पेंड २ किलो, एवढं वरच्या सहा इंचांत मिसळा आणि वाटेतली माती ओढून वाफे सहा-आठ इंच उंच करा. पुढे दर मे महिन्यात एक पोतं शेणखत वरून पसरलं की झालं. खणायचं नाही. शेणखत घेताना पोतं पालथं करून बघा. वास येत असेल, शेणाचे गोळे दिसत असतील तर ते कच्चं आहे. गुंडाळी करून पडलेल्या पांढऱ्या जाड अळ्या (हुमणी) वेचून काढा. उसाच्या पट्ट्यात हुमणीला आधीच तोटा नाही, ती पोत्यातून घरी आणायला नको.

तुम्ही जीवामृताबद्दलही (शेण-गोमूत्राचं आंबवलेलं द्रव खत) विचारलं आहे. वाईट काहीच नाही, पण दर पंधरा दिवसांनी शेण, गोमूत्र, गूळ, बेसन जमवून ढवळत बसणं ही कमी देखभाल नव्हे. तेच काम पाचटाखालची माती न ढवळता ठेवली तर बरंचसं होतं.

पाचट ही आपल्याकडची चैन आहे. नोव्हेंबर ते मार्च तोडीच्या हंगामात ओळखीच्या शेतकऱ्याकडून दोन भारे आणा, वीतभर तुकडे करा, वाफ्यावर तीन-चार इंच थर द्या. तण दबतं, उन्हाळ्यात पाणी कमी लागतं, माती भेगाळत नाही. रसवंतीवरची चिपाडंही चालतात, पण ताजी टाकलीत तर मुंग्या आणि माश्या येतील, आठ दिवस उन्हात वाळवा. खोडापासून दोन-तीन इंच जागा मोकळी ठेवायची. जुलै-ऑगस्टमध्ये याच पाचटाखाली गोगलगाई बसतात, तेव्हा थर पातळ करा. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून ठेवा आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून मिठाच्या पाण्याच्या डब्यात टाका. मीठ थेट मातीवर टाकू नका.

पाणी हा तुमच्या बागेचा खरा प्रश्न आहे. कृष्णाकाठच्या पट्ट्यात बऱ्याच बोअरना क्षार असतात. आर.ओ. दुरुस्तीवाल्याकडे टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचा मीटर असतो, त्यावर मोजून घ्या. ५०० च्या आत असेल तर बिनघोर, २००० च्या वर असेल तर त्या पाण्यावर भाजीचा नाद सोडा. मधल्या आकड्यांत पालक, बीट चालतात, घेवडा, गाजर आणि कांदा कुरकुरतात. मातीवर पांढरी पापडी आणि पानांच्या कडा करपलेल्या दिसल्या तर रोज थोडं-थोडं पाणी देणं आधी बंद करा. त्यानं क्षार वरच्या थरातच साठतात. कमी वेळा पण भरपूर पाणी दिलं की ते मुळांखाली जातात, आणि उंच वाफ्यातून पावसाळ्यात धुऊन निघतात. आर.ओ.मधून वाया जाणारं पाणी आणि सॉफ्टनरचं पाणी बागेला नको. पहिल्यात क्षार एकवटलेले असतात, दुसऱ्यात सोडियम.

ठिबक स्वतः बसवता येतं. गच्चीवरच्या टाकीतून वेगळी लाइन काढून पाऊण इंची जाळीचा फिल्टर, पुढे १६ मिमीची इनलाइन लॅटरल (आतच ड्रिपर बसवलेली नळी), ४० सेंमीवर तासाला ४ लिटरचे ड्रिपर. प्रत्येक वाफ्यात दोन ओळी आणि वेलांच्या पट्ट्यात एक, म्हणजे २० मीटर नळी आणि ४५ च्या आसपास ड्रिपर. कागदावर ४ लिटर असले तरी टाकीचं पाणी ड्रिपरपेक्षा पाचेक मीटर उंच असेल तर ते तासाला पावणेतीन लिटरपर्यंतच देतात. फिल्टर आणि नळीत जातं ते सोडून एकूण ११०-१२० लिटर धरा. एप्रिल-मेत एक दिवसाआड तासभर, थंडीत तीन-चार दिवसांनी तासभर, पावसाळ्यात बंद. दुकानदार प्रेशर कॉम्पेन्सेटिंग (दाब बदलला तरी सारखंच पाणी देणारे) ड्रिपर गळ्यात मारेल, घेऊ नका, टाकीच्या दाबावर ते नीट चालत नाहीत. टायमर घेताना बॉल व्हॉल्व्हचा मागा. सोलेनॉइडच्या बहुतेक टायमरना उघडझाप करायलाच दाब लागतो. महिन्यातून एकदा फिल्टर धुवा आणि नळीचं टोक उघडून गढूळ पाणी जाऊ द्या. क्षारांच्या पाण्यात ड्रिपर बुजतातच. बुजलेला तुकडा कापून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात रात्रभर ठेवला की बहुधा मोकळा होतो.

किडींवर रोज नजर ठेवायची गरज नाही, आठवड्याला एक फेरी पुरे. चवळीवरचा मावा पाण्याच्या जोरदार धारेनं उडतो, आणि मावा खाणारे ढालकिडे दिसले तर तेवढंही नको. पांढरी माशी असेल तर पिवळे चिकट सापळे. भेंडीची पानं जाळीदार पिवळी झाली (केवडा) किंवा मिरचीचा बोकड्या (पानं आकसून वळणं) आटोक्याबाहेर गेला तर उपाय शोधू नका, झाड उपटा. विषाणू शिरलेलं झाड बरं होत नाही आणि शेजारच्याला देतं. दोडक्याला फळमाशीचा डंख लागून फळं वाकडी होतात. फळ बोटाएवढं असतानाच वर्तमानपत्राची पिशवी चढवा किंवा क्यू-ल्यूरचा (फळमाशीच्या नरांना ओढणाऱ्या गंधाचा) सापळा लावा. निंबोळी अर्क फवारायचाच झाला तर ५० ग्रॅम निंबोळी पूड लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, चिमूटभर साबण घालून, आणि संध्याकाळीच. उन्हात त्याचा गुण लवकर जातो.

पहिल्या वर्षी दोन्ही वाफे भरू नका. एका वाफ्यात मृगाच्या पावसावर हिरवळीच्या खतासाठी शंभर ग्रॅम तागाचं बी फेका, चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी फुलं दिसायला लागली की विळ्यानं कापून तिथेच पसरा. सप्टेंबरअखेर त्याच वाफ्यात पाला बाजूला सारून मेथी-पालक पेरा.

बियाणं सुधारित वाणाचं घ्या, संकरित नको, म्हणजे पुढच्या वर्षीचं बी घरचंच धरता येतं. भेंडी, चवळी, गवारीच्या दोन-दोन चांगल्या शेंगा झाडावरच वाळू द्या आणि बी राखेत घोळवून बंद डब्यात ठेवा. दोडका आणि भोपळ्याचं बी धरायच्या भानगडीत पडू नका. मधमाश्या शेजारच्या बागेतला पराग आणतात आणि कधीकधी कडू फळं निघतात. चव कडू लागली तर ते फळ शिजवूनही खायचं नाही, फेकायचं.

तुमचं घर पूररेषेत आहे का ते लिहिलं नाहीत. २०१९ आणि २०२१ ला पाणी आलं होतं अशा भागात असाल तर पूर ओसरल्यावर उभी पालेभाजी सगळी काढून टाका, त्या पाण्यात गटारही असतं. गाळ वाळल्यावर वरचा थर खरवडून काढा आणि नवी पेरणी महिन्याभरानंतर करा.