ग्लियल पेशी (मज्जासंस्थेत न्यूरॉनच्या आजूबाजूला असणाऱ्या पेशी) फक्त न्यूरॉनच्या, म्हणजे संदेश वाहणाऱ्या पेशींच्या, मदतीला असतात का? आणि मेंदूत त्या न्यूरॉनच्या दहापट असतात हे खरंय का?

तुम्ही नीटच्या तयारीसाठी विचारलंय की "न्यूरॉनला आधार आणि पोषण देतात" एवढं लक्षात ठेवलं तर पुरे का. परीक्षेपुरतं होईलही, पण मी ठाण्यात न्यूरो फिजिओथेरपी करते आणि माझ्याकडे येणाऱ्या कित्येक पेशंटचा आजार न्यूरॉनमध्ये सुरूच झालेला नसतो, त्याच्या आजूबाजूच्या पेशींना मार बसलेला असतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

दहापट हे आधी डोक्यातून काढून टाका. 2009 साली ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हाउझेल यांच्या टीमने माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजल्या, न्यूरॉन निघाले साधारण 8600 कोटी आणि बाकी सगळ्या पेशी मिळून 8500 कोटी. म्हणजे जवळजवळ बरोबरीच. जुन्या पुस्तकांत अजून दहापट छापलेलं सापडतं.

आता काम. ॲस्ट्रोसाइट हा ग्लियल पेशींचा एक प्रकार. तिचं एक टोक रक्तवाहिनीला आणि दुसरं सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन न्यूरॉन जिथे जोडले जातात तिथे असतं, ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठाही मुख्यतः तिच्याकडेच, कारण मेंदू वजनाने शरीराच्या 2 टक्के पण ऊर्जा खातो 20 टक्के आणि न्यूरॉनकडे स्वतःची शिल्लक जवळपास नसते. पण मला तिचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं वाटतं: न्यूरॉनने सोडलेलं ग्लुटामेट (पुढच्या न्यूरॉनला उत्तेजित करणारं रसायन) काम झाल्या झाल्या उचलायचं. ते साचलं तर पुढचा न्यूरॉन उत्तेजित होऊन होऊन शेवटी मरतो. स्ट्रोकमध्ये रक्त थांबलं की ऊर्जेअभावी हे उचलणंही थांबतं, नुकसान वाढायचं हे एक मोठं कारण. मायक्रोग्लिया या मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, मेलेल्या पेशींचा कचरा खातात आणि मेंदू वाढत असताना नको असलेले सिनॅप्सही छाटतात.

माझा रोजचा संबंध मात्र मायलिनशी, म्हणजे ॲक्सॉनभोवतीच्या (न्यूरॉनच्या लांब तारेभोवतीच्या) चरबीयुक्त वेष्टणाशी. मेंदू आणि मज्जारज्जूत ते ऑलिगोडेंड्रोसाइट बनवतात, एक पेशी अनेक ॲक्सॉनना गुंडाळते, आणि हातापायांच्या नसांमध्ये श्वान पेशी, ती एकाच ॲक्सॉनचा एकच तुकडा गुंडाळते (हा फरक नक्की पाठ करा, विचारतात). मायलिन असलं की सिग्नल ठाण्याहून सुटलेल्या फास्ट लोकलसारखा मधली स्टेशनं गाळत जातो, थांबे म्हणजे रॅनव्हियरचे नोड, मायलिनमधल्या छोट्या फटी. उघड्या बारीक ॲक्सॉनमध्ये वेग सेकंदाला 0.5 ते 2 मीटर, जाड मायलिनवाल्यात 120 मीटरपर्यंत.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती हे मेंदू-मज्जारज्जूतलं मायलिन खाते. अशा पेशंटना मी एप्रिल-मेमध्ये दुपारची वेळ देतच नाही, कारण मायलिन गेलेल्या ॲक्सॉनमधून सिग्नल कसाबसा जात असतो आणि काहींना शरीराचं तापमान अर्धा अंश वाढलं तरी तो अडतो, रिक्षातून उन्हात येईपर्यंतच पाय जड होतात, नजर धूसर होते. घरचे घाबरतात की आजार वाढला, पण ते नवीन नुकसान नसतं, अंग थंड झालं की परत पूर्ववत होतं, हे दरवेळी समजावून सांगावं लागतं आणि सांगायलाच हवं, नाहीतर माणसं व्यायामच सोडून देतात.

जानेवारी 2025 मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या भागात जीबीएसची (गिलियन-बारे सिंड्रोम, यात आपलीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते) साथ आली ते तुम्हाला आठवत असेल. त्यात हल्ला मेंदूवर नाही, बाहेरच्या नसांवर होतो, काही पेशंटमध्ये मायलिनवर, काहींमध्ये थेट ॲक्सॉनवर. नुसतं मायलिन गेलं असेल तर श्वान पेशी ते पुन्हा गुंडाळतात आणि काही आठवड्यांत-महिन्यांत ताकद यायला लागते. आतला ॲक्सॉनच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढणार, म्हणजे पायाच्या टोकापर्यंत पोचायला किती वेळ ते तुम्हीच धरा, आणि त्या वाढीलाही वाट दाखवतात त्या श्वान पेशीच. म्हणून घरच्यांनी "चालायला कधी लागतील" विचारलं की मी आधी एनसीव्हीच्या (नसेतून सिग्नल किती वेगाने जातो त्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये बघते, मार मायलिनवर आहे की ॲक्सॉनवर.