विल्सनमध्ये फायब्रोस्कॅन: पहिला रिपोर्ट हातात आल्यावर

ताई, मुलीच्या रिपोर्टवरचा किलोपास्कलचा आकडा बघून घाबरू नका. विल्सन या आनुवंशिक आजारात यकृतात तांबं साठतं, त्यानं आधी सूज येते, मग व्रण धरतात (फायब्रोसिस). फायब्रोस्कॅन यकृताचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतो आणि सुजेनंही कडकपणा वाढतो. म्हणून त्याच सुमाराचा एएलटी (रक्तातला, यकृताची सूज दाखवणारा घटक) किती होता ते आधी बघा. तो खूप वाढलेला असेल तर आत्ताचा आकडा फुगलेला असू शकतो. औषध लागू पडून सूज उतरली की पुन्हा मोजून घ्या, खरं चित्र तेव्हा कळतं.

तपासणीआधी किमान ३ तास पोट रिकामं हवं. उजव्या बरगड्यांमध्ये प्रोब टेकवून टकटक करतात, दुखत नाही, मुलीला तसं आधीच सांगून ठेवा. लहान छातीसाठी लहान प्रोब असतो, तो आहे का विचारा. रिपोर्टवर १० मोजण्यांचा मध्यक, म्हणजे मधला आकडा असतो, शेजारी आयक्यूआर, म्हणजे मोजण्या किती विखुरल्या ते. आयक्यूआर मध्यकाच्या ३० टक्क्यांच्या वर असेल तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. आजारामुळं पोटात पाणी साठलं असेल तरीही नाही.

इंटरनेटवरचे फायब्रोसिसचे तक्ते बहुतेक हिपॅटायटिस किंवा फॅटी लिव्हरचे आहेत, ते विल्सनला जसेच्या तसे लावू नयेत. फिब-४ (रक्ततपासण्यांवरून काढलेला फायब्रोसिसचा अंदाज) तर मुलांत वापरूच नका, त्यात वय धरलेलं असतं.

आकडा उतरला म्हणून औषध मात्र बंद करायचं नाही, हे कळकळीनं सांगते. तांबं फायब्रोस्कॅनमध्ये दिसत नाही, त्यासाठी २४ तासांची लघवी तपासावी लागते. आणि धाकट्याचीही तपासणी करून घ्या, सख्ख्या भावंडाला २५ टक्के शक्यता असते.