पोरगं शाळेला जाईना, केस होईल काय?

मी मुलांची समुपदेशक. जून संपून जुलै लागला की माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन पालक येतात. कोणी खानापूरकडचे, कोणी निपाणीकडचे, कोणी बेळगाव शहरातलेच. "पोरगं शाळेला जाईना झालंय मॅडम. सर म्हणाले, बीईओ ऑफिसला, म्हणजे तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना कळवतो. आता आमच्यावर केस होतंय काय ओ? नाव काढतील काय?"

आधी भीतीचं बघू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांना लागू आहे. मुलाला शाळेत घालणं हे त्यातल्या कलम १० प्रमाणे आईवडिलांचं कर्तव्य आहे, पण ते चुकलं म्हणून त्या कलमात दंड किंवा तुरुंग सांगितलेला नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत शाळेला मुलाला काढून टाकता येत नाही. मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना कलम १७ ने बंदी आहे. मूल रोज येतं की नाही यावर लक्ष ठेवण्याची जबाबदारी सरकारवर आहे, आणि हजेरीबद्दल पालकांशी नियमित बोलणं हे शिक्षकाचं कामच आहे. इंग्लंडमध्ये मुलाच्या गैरहजेरीसाठी आईवडिलांना दंडाची पावती येते. आपल्या कायद्याने तो रस्ता धरला नाही, आणि मला ते योग्य वाटतं. दंडाला घाबरलेला बाप घरी जाऊन पोरावरच हात उचलतो, हे मी फार जवळून पाहिलंय.

खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातला संकेत (नाव बदललंय) असाच आला. सातवीपर्यंत गावातली मराठी शाळा, आठवीला तालुक्याच्या गावी हायस्कूल. वडील बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. ते म्हणाले, "रोज नाही ओ, आठवड्याला दोनच खाडे. सकाळी पोटात दुखतंय म्हणतंय. बस गेली की बरं होतंय. वैरण सुद्धा आणतंय मग."

दोनच खाडे! सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस शाळा भरली पाहिजे, असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. अमेरिकेत दहा टक्के दिवस बुडाले की ते मूल चिंतेच्या यादीत धरतात. आपल्या हिशेबाने ते २२ दिवस, म्हणजे महिन्याला साधारण दोन. संकेत तर शाळेचा तिसरा हिस्सा बुडवत होता. सलग महिनाभर न येणाऱ्या मुलाकडे सगळ्यांचं लक्ष जातं. अधूनमधून बुडवणारं मूल मात्र हजेरीपटावर असूनही सुटून जातं.

मी वर्गशिक्षकांकडून हजेरीपटाच्या पानाचा फोटो मागवला आणि शेजारी वेळापत्रक ठेवलं. खाडे सगळे मंगळवारी आणि शुक्रवारी. मी काही न बोलता दोन्ही कागद संकेतपुढे सरकवले. बराच वेळ तो बघत राहिला.

"मंगळवारी पहिला तास कशाचा?"

"कन्नड. उभं राहून वाचायचं असतंय."

"मग?"

"ओत्तक्षर, अक्षराखाली अक्षर असतंय ते, आलं की अडतोय. पोरं हसतात."

"सरसुद्धा?"

"सर हसत नाहीत. खाली बस म्हणतात." थोडा थांबून म्हणाला, "थांबले असते तर वाचलं असतं मी."

त्या एका वाक्यात सगळं आलं. हसणाऱ्या पोरांपेक्षा सरांचं ते मायेचं "खाली बस" त्याला जास्त लागलं होतं, कारण त्यातून त्याला कळलं की याला जमणार नाही हे ठरून गेलंय. मी या कामात एक गोष्ट धरून चालते: मुलाचं न जाणं हे त्याचं सांगणं असतं, आणि ऐकून घेणारं कोणी भेटलं की मूल स्वतःच वाट दाखवतं. सीमाभागातला भाषेचा मोठा वाद आहे तो आहे, पण या पोराला कन्नड नको नव्हतं. त्याला अक्षराखालचं अक्षर ओळखायला थोडा वेळ हवा होता.

भीतीचं एक आहे. टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यावरच ती पोसते. म्हणून घरी पहिली सूचना आईला दिली: शाळेच्या वेळेत वैरण नाही, मोबाइल नाही. ते तिला जड गेलं, म्हशीचं करायला हाताखाली तेवढंच एक माणूस होतं. वडिलांनी "पोलीस येतील" म्हणणं सोडलं. सरांशी मी फोनवर बोलले. मंगळवारी वाचायचा उतारा ते सोमवारीच सांगू लागले, आणि तो अडला की मनात दहा मोजून थांबू लागले. शेजारची कन्नड शाळेत जाणारी ताई रात्री त्याचं वाचन ऐकायची. पहिल्या मंगळवारी वडील कामावर उशिरा गेले, त्याच्याबरोबर बसमधून हायस्कूलच्या फाटकापर्यंत. तो चार ओळी वाचून बसला, स्वतःहून.

तुमच्या घरी कारण वेगळं असेल. म्हणून रागावण्याआधी खाड्यांचे वार लिहून काढा. सोमवारचे असतील तर रविवारी काय होतं ते बघा. पावसातलेच असतील तर बसचं बघा, आणि एसडीएमसीच्या, म्हणजे पालकांच्या शाळा समितीच्या बैठकीत ते मांडा. ऊसतोडीच्या हंगामातले असतील तर प्रश्न मुलाचा नाही, घरच्या कमाईचा आहे, आणि तिथे समुपदेशक पुरा पडत नाही. मुलाला कामाला जुंपलं असेल तर १०९८ ला फोन करा. पोटदुखी सुट्टीच्या दिवशीही होत असेल तर आधी डॉक्टर.

मूल नववी-दहावीत असेल तर एक लक्षात ठेवा, एसएसएलसीला, म्हणजे दहावीच्या बोर्डाच्या परीक्षेला बसायला ७५ टक्के हजेरी लागते. हे मुलाला शांतपणे, जेवणाच्या वेळी नव्हे, एकदाच सांगा. ऑगस्टच्या झडीत संकेतनेही पुन्हा दोन शुक्रवार बुडवले होते. वडिलांचा फोन आला तेव्हा मी एवढंच विचारलं, त्या दिवशी उतारा कुठला होता?