मजुरीवर टॅक्स लागतो का? न्यू जर्सीत येऊन दुरुस्तीची कामं करू पाहणाऱ्या भावासाठी

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सांगलीत १४ वर्षं वॉशिंग मशीन, फ्रिज आणि नळाची किरकोळ कामं केली. बहिणीच्या अर्जावर आता व्हिसा मिळालाय, दिवाळीनंतर न्यू जर्सीत तिच्याकडे उतरायचं आणि हेच काम स्वतःच्या नावावर करायचं. इकडे उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून जीएसटीच्या भानगडीत कधी पडलो नाही; तिकडे मजुरीवर टॅक्स लावावा लागतो का?

लावावा लागतो, पण सगळ्या मजुरीवर नाही. आणि २० लाखांसारखी सवलत इथल्या दुकानदार-कारागिराला नाही. पहिल्या डॉलरपासून हिशेब सुरू.

मी न्यू जर्सीतल्या एडिसनजवळ १९ वर्षं हाच धंदा करतोय आणि पहिल्याच वर्षी इथे आपटलोय. माझी समजूत अशी की टॅक्स मालावर, मजुरी म्हणजे आपला घाम, त्यावर कसला टॅक्स? बिलात पार्टवर टॅक्स लावायचो, मजुरी कोरी सोडायचो. वर्षाअखेरीस अकाउंटंटकडे बिलांचा गठ्ठा घेऊन गेलो. त्याने पाच-सहा बिलं चाळली, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "हा आता तुझ्या खिशातून." एकेका बिलाचे सात-आठ डॉलर मागायला जुन्या गिऱ्हाइकाच्या दारात कोण जाणार? भरले.

गोंधळ होतो त्याचं कारण आपल्या डोक्यात जीएसटी असतो. तिथे माल काय, सेवा काय, सूट नसेल तर कर आहेच. इथे सेल्स टॅक्स (विक्रीकर) केंद्राचा नाही, राज्यांचा आपापला. आणि रचना उलटी: वस्तू विकली तर सूट नसेल तोवर कर आहे असं धरायचं, सेवा असेल तर कायद्यात तिचं नाव घेतलंय का ते बघायचं. न्यू जर्सीत हा कर १९६६ साली ३ टक्क्यांनी सुरू झाला, २०१८ पासून ६.६२५ टक्के आहे. केस कापले तर कर नाही. नदीपलीकडे न्यू यॉर्क शहरात त्याच केस कापण्यावर शहराचा ४.५ टक्के कर आहे. डॉक्टर, वकील, अकाउंटंट यांच्या फीवर इथे नाही. गाडीच्या गॅरेजात मात्र पार्ट आणि मजुरी दोन्हींवर. तर्क शोधू नका, यादी शोधा.

आता तुमचं काम. दुरुस्तीची मजुरी न्यू जर्सीच्या यादीत आहे, पण वस्तूची दुरुस्ती वेगळी आणि घराची दुरुस्ती वेगळी. इथेच सगळे घसरतात.

वॉशिंग मशीन ही हलवता येणारी वस्तू. समजा मजुरी १२० डॉलर आणि पंप ८० डॉलरचा. पूर्ण २०० वर कर: १३.२५. बिल २१३.२५. पंप तुम्ही पुढे विकताय, म्हणून घाऊक दुकानात एसटी-३ नावाचा फॉर्म देऊन तो बिनकराचा घ्यायचा.

त्याच घरात स्वयंपाकघरातला नळ गळतोय. नळ भिंतीला, पाइपाला जोडलेला, म्हणजे घराचा भाग. इथे कायदा तुम्हाला सामानाचं शेवटचं गिऱ्हाईक मानतो: ४० डॉलरचं सामान घेताना दुकानात कर तुम्ही भरायचा, एसटी-३ दाखवायचा नाही. बिलात सामान आणि मजुरी वेगळी लिहायची आणि कर फक्त १२० च्या मजुरीवर: ७.९५. बिल १६७.९५; दुकानात भरलेला कर सामानाच्या भावात धरलात तर तेवढं जास्त. मी या दोन प्रकारच्या कामांसाठी दोन रंगांची बिलबुकं ठेवली होती; आता फोनवर बिल करतो, तरी दोन नमुने वेगळेच आहेत.

तिसरा प्रकार मोठ्या कामांचा. छप्पर गळतं तिथे डागडुजी केली तर ती दुरुस्ती, मजुरीवर कर. अख्खं छप्पर नवं घातलं किंवा स्वयंपाकघर नव्याने बांधून दिलं, तर ती घराची भांडवली सुधारणा (घरात कायमची भर घालणारं काम), मजुरीवर कर नाही. पण घरमालकाकडून एसटी-८ हा फॉर्म सही करून घ्यायचा आणि चार वर्षं जपायचा. फॉर्म नसेल तर तुम्ही कर का घेतला नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. यातही मेख आहे: ऑक्टोबर २००६ पासून कार्पेट नि फरशी घालणं, बागेची आखणी-लागवड आणि वायरिंग करून बसवलेली अलार्मची यंत्रणा यांच्या मजुरीवर कर लागतो, सुधारणा भांडवली असली तरी.

कर गोळा करायचा तर आधी राज्याकडे धंद्याची नोंदणी हवी; ती एनजे-रेग या फॉर्मने होते. ती झाली की प्रमाणपत्र येतं, ते धंद्याच्या जागी लावायचं. घराच्या कामांसाठी होम इम्प्रूव्हमेंट कॉन्ट्रॅक्टर म्हणून राज्याकडे वेगळी नोंदणी लागते. एसीचं काम परवान्याशिवाय नाही, आणि थंड करणाऱ्या गॅसच्या सर्किटला हात लावायला ईपीएचं (केंद्राच्या पर्यावरण संस्थेचं) कलम ६०८ चं प्रमाणपत्र हवं, ते परीक्षा देऊन मिळतं. १४ वर्षांचा अनुभव आहे म्हणून ही परीक्षा हलक्यात घेऊ नका, प्रश्न इंग्रजीत असतात. एसीचं सध्या बाजूला ठेवून मशीन-ड्रायर-डिशवॉशरपासून सुरुवात करा, असं माझं मत.

गोळा केलेला कर तुमचा नाही, राज्याची ठेव आहे. मी आठवड्याला तेवढी रक्कम दुसऱ्या खात्यात टाकतो, नाहीतर ती किराण्यात कधी विरघळते कळत नाही. तिमाही संपली की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत एसटी-५० हा कराच्या हिशेबाचा फॉर्म भरायचा. काम शून्य असलं तरी शून्याचा भरायचा.

आपली माणसं चहा देता देता विचारतात, "भाऊ, कॅश दिली तर टॅक्स नको ना?" सांगलीतला कच्च्या-पक्क्या बिलाचा सूर तोच. मी हसून सांगतो, "काकू, कॅश चालेल, टॅक्सही चालेल." एक-दोन गिऱ्हाइकं गेली असतील. गेली तर गेली.

डॅलसचा मावसभाऊ तिकडे बोलावतोय असंही लिहिलंत. टेक्सासचं गणित वेगळं: राहत्या घराच्या दुरुस्तीच्या मजुरीवर कर नाही, गाडीच्या मजुरीवरही नाही. पण दुकान-ऑफिसच्या दुरुस्तीवर आहे, वॉशिंग मशीनच्या दुरुस्तीवर आहे, लॉन कापण्यावरही आहे. राज्याचा दर ६.२५ टक्के आणि गावाचा वरून २ टक्क्यांपर्यंत, म्हणजे ८.२५ पर्यंत. निव्वळ कर बघून राज्य निवडू नका. कर गिऱ्हाईक देतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत तुम्हाला बहिणीच्या घरातली खोली जास्त उपयोगाची.

सामानाचं म्हणाल तर मल्टीमीटर आणा. पाने (स्पॅनर) आणू नका, इथल्या नळांची मापं इंचात आहेत. पान्यांचा संच इथेच घ्यावा लागेल, आणि त्यावर दुकानात ६.६२५ टक्के तुम्हीच भरायचे, एसटी-३ तिथेही चालणार नाही.