जुन्या सायफाय सिरियलमध्ये आजच्या एआयचा धोका खरंच दाखवला होता का?

हो, दाखवला होता, आणि सगळ्यात नेमका दाखवलाय तो अमेरिकन 'स्टार ट्रेक'च्या मार्च 1968 मधल्या 'द अल्टिमेट कॉम्प्युटर' या भागात. मी तो परत परत बघितलाय म्हणून सांगतो. डॉ. डेस्ट्रॉम एम-5 नावाचा कॉम्प्युटर बनवतात आणि 430 माणसांचं अंतराळजहाज त्याच्या भरवशावर फक्त 20 जणांवर चालवायचं ठरतं. जहाजाच्या कॅप्टन कर्कला तर दुसरा अधिकारी 'डन्सेल' म्हणतो, म्हणजे काहीच कामाचा नसलेला पार्ट, आणि तेव्हा कर्कचा पडलेला चेहरा बघा, नोकरी जायची भीती असलेल्या कुणालाही तो लगेच कळेल. पुढे एम-5 ला युद्धसराव आणि खरा हल्ला यातला फरक समजत नाही, तो आपल्याच जहाजांवर पूर्ण ताकदीनिशी मारा करतो, बंद करायला गेलेला माणूस जागच्या जागी भस्म होतो. का, तर डेस्ट्रॉमनी स्वतःच्या मेंदूचे ठसे त्यात घातलेले असतात, त्यामुळे त्यांची हुशारी आली तशी त्यांची अस्थिरताही आली. आजचे एआय मॉडेल माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर शिकतात आणि आपले पूर्वग्रहही उचलतात, ते हेच की.

फक्त एक आहे, याला भविष्यवाणी म्हणू नका. तेव्हा अमेरिकेत ऑटोमेशनमुळे नोकऱ्या जातील ही चर्चा जोरात होती, लेखकांनी ती भीती पकडली. इंटरनेट, आपला डेटा गोळा करणाऱ्या कंपन्या, यातलं काही त्या भागात नाहीये.