डांबरगोळ्यांचा धनी कोण?

प्रश्न : आम्ही शिरोड्याला समुद्राला लागून राहतो. पाऊस तोंडावर आला की वाळूत डांबराचे गोळे येऊन पडतात. पाय, चपला, जाळी, सगळं बरबटतं. 'नमुने तपासणीला पाठवले' अशी बातमी येते आणि पुढे सामसूम. काळ्या गोळ्यावरून तेल कुठलं हे खरंच ओळखता येतं, की ही नुसती वेळ मारून नेण्याची भाषा?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : ओळखता येतं. माझी सगळी नोकरी तेलाच्या प्रयोगशाळेत झाली, त्यामुळे हे छातीठोक सांगते. पण त्याला एक अट आहे, ती पुढे येईलच.

समुद्रात पडलेल्या तेलातला हलका भाग उडून जातो. सरळ साखळीचे रेणू जिवाणू खातात. उरतो तो चिवट गाळ, आणि आमचं काम नेमकं त्यातच असतं. गोळा फोडायचा, आतला वाळू न लागलेला वाटाण्याएवढा तुकडा द्रावकात विरघळवायचा, सिलिका जेलमधून गाळायचा आणि त्याचा सुईच्या टोकावर मावेल एवढा थेंब यंत्रात सोडायचा. यंत्रात केसासारखी बारीक, ३० मीटर लांबीची नळी गुंडाळलेली असते. एकेक रेणू आपापल्या वेळेला तिच्यातून बाहेर पडतो आणि पडद्यावर शिखरं उमटत जातात. तासभर तरी बसावं लागतं. चहा घेऊन यायला हरकत नाही, यंत्र काही पळून जात नाही.

आमची नजर असते ती होपेन नावाच्या रेणूंवर. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जिवाणूंच्या पेशीपटलाचे हे अवशेष. हे सहजासहजी कुजत नाहीत, म्हणून तेलाच्या घराण्याचं नाक म्हणून चालतात. आखाती तेल बहुतांशी चुनखडीच्या खडकात जन्मलेलं, त्यात २९ कार्बन अणूंचं होपेन ३० कार्बनवाल्याच्या बरोबरीला येतं, कधी वरचढही ठरतं. आग्नेय आशियाच्या तेलात ३० कार्बनच्या शिखराच्या अगदी अलीकडे आणखी एक शिखर दिसतं, ओलिअनेनचं. ते फुलझाडांकडून येतं. फुलझाडं पृथ्वीवर तशी उशिरा आली, त्यामुळे हे शिखर ठळक दिसलं की तेलाच्या वयाचाही अंदाज बांधता येतो.

आता आपल्या किनाऱ्याचं. जुलै २०१२मध्ये दक्षिण गुजरातच्या तिथल, मरोली, उंभराट आणि नारगोळ इथून १२ गोळे उचलले गेले. त्यांची तुलना मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय तेलक्षेत्राच्या तेलाशी झाली, इतर कच्च्या तेलांशी झाली, आणि २०१०मध्ये मुंबईजवळ टक्कर झालेल्या 'एमएससी चित्रा' जहाजाच्या तेलाशीही. जुळलं ते मुंबई हायशी. समुद्रप्रवाहांचं गणित मांडलं, तर त्याचं बोटही मुंबई हायच्या उत्तरेकडच्या विहिरींकडेच वळलं. गोव्यात २०१०मध्ये आलेल्या गोळ्यांचा माग मात्र निराळा निघाला : टँकरच्या टाक्या धुतलेलं तेल, आणि तेही आग्नेय आशियाच्या वळणाचं. एकच अरबी समुद्र, पण धनी दोन. म्हणून तुमच्या शिरोड्याचे गोळे कोणाचे, हे मी इथे बसून सांगणार नाही.

आणि हीच ती अट. पडद्यावरच्या शिखरांवर जहाजाचं नाव लिहिलेलं नसतं. संशयिताचं तेल हातात असेल तरच जुळतं किंवा जुळत नाही म्हणता येतं. बातमीनंतरची सामसूम बऱ्याचदा इथूनच येते, असं माझं मत. गोळे मिळतात, पण त्या रात्री तिथून गेलेल्या जहाजांच्या टाक्यांमधले नमुने कोण आणून देणार?

समोर दिसणारा संशयित नेहमी दोषी असतोच असंही नाही. २४ मार्च १९८९ला 'एक्सॉन व्हाल्डेझ' हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर आपटलं. नंतर त्या किनाऱ्यांवर मिळालेले काही गोळे तपासले, तर कार्बनच्या समस्थानिकांचं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचं, प्रमाण जहाजातल्या तेलाशी जुळेना. ते निघाले कॅलिफोर्नियाच्या माँटेरे खडकातल्या तेलाचे! अलास्काचं स्वतःचं तेल निघण्याआधी तिथे इंधन आणि डांबर कॅलिफोर्नियाहून यायचं. १९६४च्या भूकंपात व्हाल्डेझ गावातल्या साठवणीच्या टाक्या फुटल्या, त्यातलं हे असावं, असा निष्कर्ष अमेरिकेच्या भूगर्भशास्त्रज्ञांनी काढला. अपघाताच्या वेळी ते तेल २५ वर्षं तिथे पडून होतं, तरी ओळख पुसली गेली नव्हती.

तुम्हाला नमुना ठेवायचा असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत नको, प्लास्टिकमधली रसायनं तेलात उतरतात. गोळा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून काचेच्या स्वच्छ बरणीत घाला, वर तारीख, वेळ आणि जागा लिहा, आणि बरणी थंड, अंधाऱ्या जागी ठेवा. पायाला लागलेलं डांबर काढायला रॉकेल वापरू नका, कातडी सोलवटते. खोबरेल चोळा, मग साबण.