भाड्याच्या खोलीतली ओल

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यात भाड्याच्या खोलीत राहतो. पावसाळ्यापासून मागची भिंत ओली आहे, पेटीतल्या कपड्यांना कुबट वास येतो. घरमालक काका म्हणतात, ऑइलपेंट मारून घ्या. मारावा का?

उत्तर : ताई, मुळीच नको. ओल्या भिंतीवर ऑइलपेंट दिला की पाणी आत कोंडतं आणि पोपडे सुटतात. आधी ओल कुठून येते ते बघा. वरून ओघळ असेल तर कवेलू सरकलंय, ते बसवून घ्या. पण खालून कमरेपर्यंत चढली असेल, पांढरा लोणा फुटून प्लास्टर बोटानं भुरभुर झडत असेल, तर ती जमिनीतली. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, पाऊस सरला तरी पाया लवकर वाळत नाही. त्यात मागे न्हाणीचं पाणी भिंतीलगत मुरत असेल तर विचारूच नका! खेड्यात मला बहुतेक वेळा दोष तिथंच दिसतो. नाली काढून ते पाणी लांब न्या, भिंतीला टेकलेली माती जोत्याखाली उतरवा. हे काम मालकाचं आहे. काकांना मागे नेऊन जागा दाखवा, संकोच करू नका. भिंत वाळली की चुना मारा, चुन्यातून ओलावा बाहेर पडतो.

पेटी भिंतीपासून हातभर दूर, विटांवर ठेवा. कपड्यांना कडक ऊन दाखवा. कडुलिंबाचा पाला किडीसाठी ठीक, ओल त्यानं जात नाही. काळी बुरशी कोरडी झाडू नका, तोंडाला फडकं बांधून साबणाच्या पाण्यानं पुसा. घरात लहान लेकरू असेल तर त्याची बाज त्या भिंतीजवळून आजच हलवा.